उटनूरच्या डोंगरातील शब्दसाधक : क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ

कोणत्याही जुन्या ग्रंथालयात शब्दकोशांचे कपाट मानाच्या जागी असते. मराठी भाषेचा पहिला मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये एका परकीयाने, मोल्सवर्थने, सिद्ध केला आणि त्याचे ऋण मराठी वाचक आजही मानतो. परक्या माणसाने आपल्या भाषेतील पाणी, घर, जावई, देव यांसारख्या नित्याच्या शब्दांचे अर्थ धुंडाळावेत, त्यासाठी आयुष्याची वर्षे खर्ची घालावीत, यात एक विलक्षण आदर असतो. मात्र आपल्याच सीमेला लागून राहणाऱ्या एका मोठ्या समाजाच्या भाषेसाठी, गोंडीसाठी, असेच श्रम करणाऱ्या एका विद्वानाची ओळख मराठी वाचकाला फारशी नाही. आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूरच्या डोंगराळ मुलखात ज्यांचे नाव अजूनही आपुलकीने घेतले जाते, ते मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा हा अल्प परिचय. ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत त्याला स्थान मिळावे, हे औचित्याचेच आहे.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ मध्ये ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका खानदानी कुटुंबात झाला. विद्यार्थिदशेतच रवींद्रनाथांच्या साहित्यामुळे त्यांचे मन भारताकडे ओढले गेले. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. आग्नेय आशियाचे जाणकार हाइने-गेल्डर्न यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि आसाम व ब्रह्मदेशाच्या सीमेवरील डोंगरी जमातींच्या समाजरचनेवर प्रबंध लिहून त्यांनी १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे लंडनमध्ये मॅलिनॉस्की यांच्या अभ्यासवर्गात त्यांना काही काळ बसता आले. ज्या लोकांचा अभ्यास करावयाचा त्यांच्यात जाऊन राहावे, त्यांची भाषा शिकावी आणि दुभाष्यावर विसंबू नये, ही मॅलिनॉस्कींची शिकवण होती. १९३६-३७ मध्ये नागा टेकड्यांतील कोन्याक नागांमध्ये राहून हायमेनडॉर्फ यांनी ती प्रत्यक्ष आचरणात आणली.

१९३८ मध्ये एलिझाबेथ बर्नार्डो या इंग्रज युवतीशी त्यांचा विवाह झाला. बेटी या नावाने परिचित असलेल्या या बाईंनी पतीच्या बरोबरीने डोंगरदऱ्या तुडविल्या, टिपणे ठेवली आणि पुढे दक्षिण आशियाच्या मानववंशशास्त्रीय साहित्याची विस्तृत सूची तयार केली. ग्रंथसूचीच्या कामातील कष्ट ग्रंथालयाशी संबंध असलेल्यांना वेगळे सांगावयास नकोत.

१९३९ मध्ये हे दांपत्य पुन्हा भारतात आले आणि त्याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया तोवर जर्मनीत विलीन झालेला होता. त्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्याजवळचे पारपत्र शत्रुराष्ट्राचे ठरले आणि नागा प्रदेशाचे दार त्यांना बंद झाले. त्यांच्या हालचालींवर निर्बंध आले आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची त्यांना मुभा मिळाली. एखाद्याने ती वर्षे नशिबाला बोल लावीत काढली असती. हायमेनडॉर्फ यांनी त्या सक्तीच्या वास्तव्याचे साधनेत रूपांतर केले. नल्लमलाच्या रानातील चेंचू आणि गोदावरीच्या घळीतील रेड्डी या जमातींचा अभ्यास करून १९४१ मध्ये ते आदिलाबाद जिल्ह्यात आले.

उत्तरेस पैनगंगा आणि दक्षिणेस गोदावरी यांच्यामधील डोंगराळ पट्टा म्हणजे त्या वेळचा उटनूर तालुका. गोंड राजांच्या काळातील किल्ल्याच्या खुणा उटनूरला आहेत. चांद्याच्या गोंड राज्याशी या मुलखाचे जुने नाते होते. तेथील भाषांची वाटणी लक्षात घेतल्याशिवाय हायमेनडॉर्फ यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. गोंडाच्या घरात गोंडी, शेजारच्या कोलामाच्या घरात कोलामी, बाजारात मराठी वा तेलुगू आणि सरकारी कचेरीत उर्दू, असा तो प्रकार होता. ज्याची जमीन त्याला कचेरीतील कागद वाचता येत नसे आणि ज्याच्या हाती कागद त्याला गोंडी येत नसे. पट्टा, जमाबंदी, राखीव जंगल, दंड हे शब्द गोंडाच्या कानावर आदळत. त्यांचा अर्थ बहुधा त्याला बेदखल झाल्यावरच कळे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सरकारदफ्तरी पट्ट्याविना नोंदली गेलेली असे आणि कोणी कागद करून आणला की ती हातची जाई. जंगलाच्या नव्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हा कित्येक वस्त्या उठविण्यात आल्या. या अन्यायाविरुद्ध कुमराम भीम या गोंड तरुणाने बंड पुकारले. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो व त्याचे अनेक साथीदार मारले गेले. बंड मोडले, पण त्याची कारणे शोधली पाहिजेत, हे संस्थानच्या काही समंजस अधिकाऱ्यांना उमगले. बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिणारे ग्रिगसन हे पुढे हैदराबादचे महसूलमंत्री झाले. त्यांच्यासारख्यांचा पाठिंबा हायमेनडॉर्फ यांना मिळाला, तो या पार्श्वभूमीवर.

उटनूर तालुक्यातील मार्लवाई या गोंड खेड्यात हायमेनडॉर्फ दांपत्याने आपला मुक्काम ठेवला. गावच्या लच्छू पटेलाशी त्यांचा स्नेह जडला. हा स्नेह इतका दृढ होता की पुढे झालेल्या आपल्या मुलालाही त्यांनी निकोलस या नावाबरोबर लच्छू पटेल हे नाव दिले. आरंभी दुभाष्याच्या साह्याने चालणारे संभाषण हळूहळू गोंडीतून होऊ लागले. येर म्हणजे पाणी, रोन म्हणजे घर, नार म्हणजे गाव, किस म्हणजे विस्तव, मरा म्हणजे झाड. अशा साध्या शब्दांपासून कोणत्याही भाषेचा उंबरठा ओलांडावा लागतो. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा असल्याने तेलुगू जाणणाऱ्यास तिच्यातील कै म्हणजे हात आणि कन म्हणजे डोळा हे शब्द लगेच ओळखीचे वाटतात. मराठी माणसाची मात्र पहिल्या पायरीवरच अडचण होते. गोंडीत मराठी शब्द पुष्कळ आले आहेत, परंतु आलेला शब्द आपला मूळ अर्थ बरोबर आणतोच असे नाही.

‘सगा’ हा शब्द त्याचे उत्तम उदाहरण ठरावा. मराठीत सगा म्हणजे रक्ताचा. सगा भाऊ म्हटले की एका आईबापाचा. आदिलाबादच्या गोंडांमध्ये सगा म्हणजे अनेक कुळांचा मिळून झालेला एक मोठा गट. असे प्रमुख गट चार आहेत : येरवेन, सारवेन, सीवेन आणि नालवेन. गोंडीत नालूंग म्हणजे चार, सैयूंग म्हणजे पाच, सारूंग म्हणजे सहा आणि येरूंग म्हणजे सात. तेलुगूतील नालुगु, ऐदु, आरु, एडु या अंकांशी त्यांचे नाते उघड आहे. सात, सहा, पाच आणि चार देवबंधूंपासून हे गट निघाले, अशी गोंडांची श्रद्धा आहे. चंद्रपूरकडील गोंडही सात देवे, सहा देवे, पाच देवे, चार देवे असे भेद सांगतात, ते याच परंपरेतील. एका सगातील सर्व माणसे परस्परांची भाऊबंद मानली जातात आणि त्यांच्यात विवाह होऊ शकत नाही. गंमत अशी की ज्यांच्याशी सोयरीक जुळते त्या पलीकडच्या गटातील माणसांनाही सगा हाच शब्द लावतात आणि जन्ममृत्यूच्या विधींत त्यांना मानाची कामे असतात. तेव्हा मराठी कानाने सगा हा शब्द ऐकून त्याचा अर्थ ठरविणारा कारकून अथवा पंच वारसाच्या वा विवाहाच्या तंट्यात केवढी चूक करील, याची कल्पना यावी. एका शब्दाचा अर्थ नीट लावल्याने साऱ्या समाजाचा आराखडा कसा उलगडतो, हे हायमेनडॉर्फ यांनी आपल्या लेखनातून दाखविले.

‘पेन’ या शब्दाचेही तसेच. इंग्रजीत वा मराठीत त्याला देव म्हणून मोकळे होता येते आणि पेर्सा पेन म्हणजे थोरला देव, असा सरळ अर्थ लागतो. परंतु पेर्सा पेन हे प्रत्येक कुळाचे दैवत. चवरी आणि लोखंडी भाल्याचे पाते ही त्याची चिन्हे. मृत झालेले पूर्वज त्याच्याच सान्निध्यात जातात, अशी समजूत आहे. देव, कुळ आणि पितर या तीन कल्पना मराठीत तीन शब्दांनी वेगळ्या होतात, त्या येथे एका शब्दाच्या अवतीभवती नांदतात. माणसाच्या ठायी असणाऱ्या प्राणतत्त्वाला गोंड जीव असे आपल्याच ओळखीच्या शब्दाने संबोधितात. मात्र मृत्यूनंतर उरणारे त्या व्यक्तीचे रूप वेगळे आणि त्याला शब्दही वेगळा, सनाल. दोहोंनाही आत्मा म्हटले की भेद पुसला जातो. अर्थ देताना घाई न करणे, एका शब्दासाठी दहा प्रसंग पाहणे आणि मगच लेखणी उचलणे, ही हायमेनडॉर्फ यांची शिस्त होती.

मराठीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. गोंडांच्या कुळकथा आणि देवकथा जतन करणारे गायक म्हणजे परधान. किकरी या तंतुवाद्याच्या साथीवर ते रात्ररात्र या कथा गातात. सृष्टीच्या आरंभी गुहेत कोंडलेल्या गोंड देवांची पहांदी कुपार लिंगालाने सुटका केली आणि त्यांना चार सगांमध्ये वाटून दिले, ही त्यांतील मध्यवर्ती कथा. या गायनाची भाषा गोंडी. परंतु आदिलाबादच्या परधानांच्या घरची बोली मराठी. ज्यांची मायबोली मराठी आहे अशा माणसांनी शतकानुशतके दुसऱ्या भाषेतील पुराण कंठात सांभाळावे, याला तुलना सापडणे कठीण. हे मौखिक भांडार हायमेनडॉर्फ यांनी परधानांच्या तोंडून उतरवून घेतले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांच्या ग्रंथाचा पाया हे संकलनच होय. ज्या ग्रंथालयांत छापील पुस्तकांची निगा राखली जाते, तेथील मंडळींना अलिखित ग्रंथांच्या या रखवालदारांविषयी आस्था वाटावी.

हायमेनडॉर्फ केवळ टिपणे घेऊन थांबले असते तर उटनूरने त्यांना इतके लक्षात ठेवले नसते. शब्दांचा अर्थ कळत नाही म्हणून जमीन जाते, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हा उपायही शब्दांपासूनच सुरू झाला पाहिजे, हे ओघाने आले. १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. गोंडीला त्या भागात रूढ लिपी नव्हती. ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती बहुतांशी मराठीमुळे झालेली होती. म्हणून गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत तयार करण्यात आली. गोंड मुलाने पहिले अक्षर आपल्या आईच्या भाषेत गिरवावे, वाचता येऊ लागल्यावर इतर भाषांकडे वळावे आणि कचेरीतील कागद उमजण्याइतकी उर्दू शिकावी, अशी ती योजना. त्यातून तयार झालेले तरुण शिक्षक झाले, काही गावकामगार व वनरक्षक झाले. ज्या दफ्तराने आजवर त्यांना गिळले होते त्याच दफ्तरात गोंडाचा हात फिरू लागला.

या कार्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. हैदराबादच्या मुलकी सेवेतील अधिकारी आणि पुढे इतिहाससंशोधक म्हणून कीर्ती पावलेले सेतुमाधवराव पगडी यांनी आदिलाबादच्या आदिवासींमध्ये काम केले. ते गोंडी आणि कोलामी शिकले आणि १९५० च्या आसपासच्या काळात त्यांनी या दोन्ही भाषांची व्याकरणे इंग्रजीत प्रसिद्ध केली. फारसी अखबारांतून मराठ्यांचा इतिहास उकलणारे पगडी मराठी वाचकाला ठाऊक आहेत. गोंडी क्रियापदांची रूपे लावणारे पगडीही तेवढ्याच अगत्याने आठवावेत.

१९४५ पासून हायमेनडॉर्फ निजाम सरकारचे आदिवासी व मागास वर्गांविषयीचे सल्लागार होते. उस्मानिया विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले. या काळात हजारो गोंड व कोलाम कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. आदिवासी क्षेत्रांसाठी १३५६ फसलीचा स्वतंत्र कायदा झाला. त्यान्वये अधिसूचित गावांतील जमीन बाहेरच्यांच्या हाती जाण्यास पायबंद बसला आणि तंटे आदिवासींच्या पंचायतीपुढे चालविण्याची सोय झाली. केसलापूरला पौष अमावास्येस मेश्राम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते. तेथे अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, असा दरबार १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने सुरू झाला. कचेरीची पायरी चढण्यास बिचकणारा गोंड आपल्या देवाच्या दारी मोकळेपणी बोलेल, ही त्यामागील जाण.

त्यांच्या भूमिकेवर त्या काळी टीकाही झाली. आदिवासींना वेगळे संरक्षण देणे म्हणजे त्यांना उर्वरित समाजापासून तोडणे होय, असा एक प्रबळ विचार होता. मुंबई विद्यापीठातील थोर समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये हे त्याचे प्रमुख प्रवक्ते. वेरिअर एल्विन आणि हायमेनडॉर्फ दुसऱ्या बाजूचे. शिवाय हायमेनडॉर्फ यांनी एका संस्थानिकाची सल्लागारी पत्करली आणि तेही भीमचे रक्त सांडणाऱ्या राजवटीची, हा आक्षेपही घेता येईल. त्यांच्या मताने समरसता वाईट नव्हती. परंतु ज्याच्याजवळ जमीन नाही, अक्षर नाही आणि कायद्याचा आधार नाही, त्याची समरसता म्हणजे मजूर होऊन मिसळून जाणे, हे त्यांना दिसत होते. पुढील इतिहासाने त्यांची ही भीती खोटी ठरविली नाही.

१९४९ मध्ये ते लंडनला पौर्वात्य व आफ्रिकी विद्यांच्या संस्थेत अध्यापक म्हणून गेले. १९५१ मध्ये तेथे प्राध्यापक झाले आणि १९७६ पर्यंत त्यांनी ते पद भूषविले. १९५३ पासून नेपाळ हे त्यांचे नवे कार्यक्षेत्र झाले आणि शेर्पांवरील त्यांचा १९६४ चा ग्रंथ जगन्मान्य ठरला. इकडे आदिलाबादचा नकाशाही बदलला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेड जिल्ह्यास जोडले गेले आणि १९५९ मध्ये राजुरा चांदा जिल्ह्यात आले. उटनूर आंध्र प्रदेशात राहिले. एकाच भाषेचा गोंड समाज दोन राज्यांत विभागला गेला. उटनूरच्या शाळांत तेलुगू माध्यम आले आणि देवनागरीतील गोंडी पुस्तके मागे पडली. नांदेड-चंद्रपूरचा गोंड मराठी शिकला, उटनूरचा तेलुगू शिकला. दोघांनाही एकमेकांना पत्र लिहिण्यास मातृभाषेची समान लिपी उरली नाही.

निवृत्तीनंतर १९७० च्या दशकात हायमेनडॉर्फ पुन्हा मार्लवाईस आले, तेव्हा त्यांना दिसलेले चित्र विषण्ण करणारे होते. रस्ते झाले होते आणि रस्त्यांबरोबर जमिनीचे नवे भुकेलेही आले होते. मैदानी मुलखातून आणि महाराष्ट्रातून आलेल्या शेतकऱ्यांनी अनेक ठिकाणी गोंडांच्या जमिनी घेतल्या होत्या. त्यांत मराठी भाषकही होते, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जुना कायदा इतिहासजमा होऊन १९५९ चे नवे भूहस्तांतरण विनियमन तेलंगणास १९६३ मध्ये लागू झाले, पण त्याची अंमलबजावणी ढिली राहिली. आदिलाबादच्या गोंडांची ही अवस्था त्यांनी १९७९ आणि १९८२ च्या आपल्या ग्रंथांतून निर्भीडपणे मांडली. त्याच काळात, २० एप्रिल १९८१ रोजी, उटनूरजवळच्या इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. जोडेघाटनंतर चार दशकांनी प्रश्न तोच होता.

१९८७ मध्ये बेटीबाईंचे हैदराबादेत निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना मार्लवाईच्या भूमीत विसावा मिळाला. १९९० मध्ये हायमेनडॉर्फ यांनी आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले आणि १९९५ मध्ये लंडन येथे त्यांची जीवनयात्रा संपली. २०१२ मध्ये त्यांच्या मुलाने त्यांचे अवशेष मार्लवाईला आणले आणि पत्नीच्या समाधीशेजारी त्यांना जागा मिळाली. २०१६ च्या जिल्हाविभाजनात उटनूर आदिलाबादमध्ये राहिले आणि मार्लवाई कुमुरम भीम यांच्या नावाच्या नव्या आसिफाबाद जिल्ह्यात गेले. भीमच्या बंडाची कारणे शोधण्यास आलेल्या विद्वानाची समाधी आज भीमच्या नावाच्या जिल्ह्यात आहे.

हायमेनडॉर्फ यांच्या ग्रंथांची संख्या मोठी आहे आणि ते बहुतेक इंग्रजीत आहेत. मराठीत त्यांचा परिचय जितका व्हावयास हवा होता तितका झालेला नाही. परधानांची घरची बोली मराठी, गोंडीची पहिली वाचनपुस्तके मराठीच्याच लिपीत, तिच्या व्याकरणाचे काम मराठी विद्वानाचे आणि गोंडांचा मोठा समूह आज महाराष्ट्राचा रहिवासी. इतके धागे असताना गोंडी-मराठी शब्दकोश मराठी ग्रंथालयाच्या कपाटात मोल्सवर्थच्या शेजारी सहज हाती लागावा, ही अपेक्षा मोठी नव्हे. दुसऱ्याच्या घरातील पाण्याला, विस्तवाला आणि नात्याला काय म्हणतात हे विचारण्याचे सौजन्य ज्या समाजाजवळ असते, त्याच्या हातून शेजाऱ्यावर अन्याय होणे अवघड जाते. उटनूरच्या डोंगरात राहून हायमेनडॉर्फ यांनी हे सौजन्य आयुष्यभर पाळले. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करताना आपल्या ग्रंथालयाने दुसऱ्या शतकात गोंडी, कोलामी यांसारख्या शेजारभाषांच्या पुस्तकांसाठी एक फळी राखून ठेवावी, एवढीच प्रार्थना.